मामांच्या दुकानाची शास्त्रशुद्ध किंमत

ती. मामांस,

सादर नमस्कार. (आपले पाय या वेळी काउंटरखालच्या लाकडी खोक्यावर असणार, हे मला ठाऊक आहे, तेव्हा नमस्कार त्या खोक्यापर्यंत वाकून केला आहे असे समजावे.) आपली प्रकृती उत्तम असावी, मामींचा गुडघा जिना चढताना कुरकुरत नसावा, आणि आपण दुपारचे जेवण दुकानात उभ्याउभ्या न उरकता घरी बसून घेत असावात, अशी अपेक्षा करते. यातील शेवटची अपेक्षा व्यर्थ आहे, हेही जाणते. माझी प्रकृती ठीक आहे. चष्मा आपण बसवून दिला होता तसाच आहे. नाक मात्र थोडे बारीक झाले आहे, असे खोलीवरच्या मैत्रिणीचे म्हणणे पडते.

पत्रास कारण असे, की येत्या शुक्रवारी आमच्या महाविद्यालयात आपल्या दुकानाचा निकाल लागणार आहे. फायनान्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका खऱ्या व्यवसायाची किंमत काढून, तो वाढवावा, आहे तसा चालवावा की बंद करावा, हे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभे राहून सांगायचे असते. आणि त्या व्यवसायाच्या मालकाने समोर बसून ते ऐकायचे असते. मी आपले चष्म्याचे दुकान निवडले, हे आपणांस माहीत आहेच. उत्तर काय आले, ते माहीत नाही. ते ‘बंद करावे’ असे आले आहे. हे वाक्य खरे म्हणजे शेवटी लिहायचे होते, परंतु मामी पत्र मोठ्याने वाचून दाखवताना वाईट बातमी अलगद गाळतात, हे मी लहानपणापासून पाहत आले असल्यामुळे ते वरच, गाळता येणार नाही अशा जागी लिहिले आहे. आता हे कसे घडले, ते क्रमाने सांगते. कारण यात माझा जितका दोष आहे तितकाच, किंबहुना किंचित अधिक, आपला आहे.

मुळात या विषयाकडे मी आपल्याच सांगण्यावरून आले. शाळेत पहिली आल्यावर घरातील जो तो मला काहीतरी बनवायला निघाला होता. आईला डॉक्टर हवी होती. बाबांना काहीही चालले असते, फक्त जवळपास. आपण तेव्हा कुणाच्या तरी चष्म्याची दांडी गरम करून वाकवत होतात. मान वर न करता म्हणालात, “हिला हिशेब येतो आणि बोलायचा कंटाळा आहे. हिनं फायनान्स करावं. आकडे काही उलट बोलत नाहीत.” सर्वांना पटले. मलाही पटले. मामा, ही माहिती आपण कुठून मिळवलीत? या अभ्यासक्रमात आकडे थोडे असून बोलणे अपार आहे. गटचर्चा नावाचा एक प्रकार असतो. त्यात काही जणांनी गोल बसून एकाच वेळी बोलायचे असते. समोरच्याचे वाक्य पूर्ण झाल्यावर आपले सुरू करावे, असे मला घरी शिकवलेले असल्याने मी वाट पाहत राहिले. कुणाचेही वाक्य पूर्ण झाले नाही. शेवटी वेळ संपली, आणि माझ्या नावापुढे ‘उत्तम श्रोता’ असा शेरा पडला. (या शेऱ्याला गुण नसतात, हे नंतर समजले.) हजेरीचीही तीच कथा. मी ‘हजर’ म्हणते ते दोन बाकांपलीकडे पोहोचत नाही, आणि मी बसते अगदी मागे. परिणामी पहिल्या सत्रात मी एकही तास चुकवला नाही आणि कागदोपत्री एकाही तासाला बसले नाही.

शिवाय माझे शालेय शिक्षण सारे मराठीतून. घसारा म्हणजे यंत्रसामग्रीची दरवर्षी होणारी झीज, हे मी झोपेतही सांगितले असते. इथे त्याच गृहस्थांना डेप्रिसिएशन म्हणतात, आणि पहिले काही दिवस मी त्यांना परके समजून मान खाली घालून पुढे जात होते. आता ओळख झाली आहे. तरीही वर्गात प्रश्न आला, की मी तो आधी मराठीत घरी नेते, तिथे शांतपणे सोडवते, उत्तराला इंग्रजी कपडे चढवते आणि परत आणते. तोवर सर पुढच्या प्रकरणात शिरलेले असतात. लेखी परीक्षेत मात्र कुणी घाई करत नाही, म्हणून तिथे मी अजूनही पहिली येते, आणि म्हणूनच तोंडी परीक्षकांना दरवर्षी ‘ती पहिली येणारी मुलगी कुठे आहे?’ असे मलाच विचारावे लागते.

माझ्या खोलीवरच्या मैत्रिणीला सगळे ‘तेजी’ म्हणतात, कारण तिच्या मते जगातील यच्चयावत गोष्टी लवकरच वर जाणार असतात: शेअर, आमच्या खानावळीचा दर्जा आणि तिची स्वतःची उंची. तिने प्रकल्पासाठी स्वतःच्या वडिलांचा पाइपांचा कारखाना घेतला. मला तशी परक्या माणसांशी बोलण्याची हिंमत नव्हती. मामांच्या दुकानात बोलायला मामा पुरेसे आहेत, अशा विचाराने मी सुटीत आपल्याकडे आले, आणि आपण आरशामागे माझ्यासाठी खुर्ची टाकलीत.

नियमाप्रमाणे आठवडाभर दुकानात बसून प्रत्येक गिऱ्हाईक नोंदवायचे होते. मला माणसांच्या तोंडाकडे पाहणे जमत नाही, हे आपण जाणता. त्यामुळे मी गिऱ्हाइके पायांवरून नोंदवली. ‘तपकिरी चप्पल, अंगठा शिवलेला: एक चष्मा.’ ‘पांढरे बूट, पिठाचे डाग: दोन चष्मे.’ ‘काळे बूट, पॉलिश केलेले, टाचा जुळवून उभे: एक चष्मा, वाचनाचा.’ (काळ्या बुटांचा घसा बसला होता, त्यांनी चष्मा कुजबुजत मागितला.) मामा, मला त्या आठवड्यात काय अभिमान वाटत होता! आपल्या दुकानात रांग लागली होती. फ्रेम न बघता घेणारे, आरशात न बघता जाणारे असे गिऱ्हाईक मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. पांढऱ्या बुटांच्या बाईंनी तर ‘नंबर किती?’ या आपल्या प्रश्नाला ‘तुम्ही म्हणाल तो’ असे उत्तर दिले, तेव्हा मी समासात ‘दुकानावर गाढ विश्वास’ अशी टीप लिहिली. काही आवाज ओळखीचे वाटले खरे, पण आपल्या दुकानात अनोळखी आवाज असतो तरी कुणाचा? आणि आपण दर थोड्या वेळाने आरशामागे डोकावून “लिहिलंस ना गं?” असे विचारत होतात, ते मी आपले मायेचे समजत होते. ते मायेचेच होते, हे आता कळते. फक्त माया किती दूरवर गेली होती, ते तेव्हा कळले नाही.

परत आल्यावर आमच्या सरांनी ते आकडे पाहिले आणि ते खुर्चीतून उठले. (सर सहसा उठत नाहीत, त्यांची खुर्ची फिरणारी आहे.) चष्म्याच्या दुकानात अशी वाढ त्यांनी ऐकलीही नव्हती. आकडे सूत्रात घातल्यावर काही वर्षांतच आपले दुकान तेजीच्या वडिलांच्या कारखान्याहून मोठे झाले, आणि त्यापुढे थोडे गेल्यावर गावातील प्रत्येक माणसाच्या वाट्याला चार-चार चष्मे येऊ लागले. तेजी म्हणाली, “सर, तोपर्यंत डोळे पण वाढणारेत का?” सर म्हणाले, “मागणी निर्माण करता येते.” सूत्राने शिफारस केली, की ताबडतोब शाखा काढाव्यात. माझे सादरीकरण सर्वांत पहिले ठेवण्यात आले. मी आनंदाने आईला फोन केला, आणि आई आनंदाच्या बातम्या कुठे नेते, हे वेगळे सांगायला नको.

मग सर म्हणाले, आता गिऱ्हाइकांना फोन करून समाधानाची पाहणी कर, म्हणजे अहवाल परिपूर्ण होईल. गिऱ्हाइकांचे नंबर आपण स्वतःच, फार उत्साहाने मला लिहून दिले होते. (हीच आपली एकमेव चूक. बाकी योजना निर्दोष होती.) फोनवर बोलायचे म्हणजे मला घाम फुटतो, म्हणून मी प्रश्न कागदावर लिहून घेतला आणि पहिला नंबर फिरवून एका दमात वाचला, की आपण घेतलेल्या चष्म्याबद्दल आपले समाधान अत्यंत आहे, पुरेसे आहे की अपुरे आहे.

“कुठला चष्मा?” पलीकडून आवाज आला, आणि मागून कात्रीचा.

मी प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“अगं, तू मामांची भाची ना? तो मी कधीच परत दिला की! मामा म्हणाले, पोर गेली, आता आणून द्या सगळे.” मग कात्री थांबली. “म्हणजे… अत्यंत. अत्यंत लिही तू.”

तपकिरी चप्पल म्हणजे आपले शेजारचे केशकर्तनवाले काका. लहानपणी माझे केस कापणारे. मी ‘अत्यंत’ लिहिले नाही. पुढचा फोन काळ्या बुटांना लावला, आणि पहिल्या ‘हॅलो’लाच मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, कारण ते आमचे निवृत्त हेडमास्तर होते आणि त्यांचा घसा उत्तम होता.

“हे बघ,” ते म्हणाले, “मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. तेव्हा तू मला काही विचारू नकोस.”

“बरं सर, नाही विचारत.”

“तसं नको. विचार. मला राहवत नाहीये.”

मी विचारले. त्यांनी सगळे सांगितले: आपण दारोदार जाऊन ‘पोरीच्या मार्कांचा प्रश्न आहे’ म्हणालात, बेकरीवाल्या काकू (पांढरे बूट, पिठाचे डाग) भट्टी सोडून धावत आल्या, स्वतः हेडमास्तर एकाच दुपारी दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा टोपी बदलून. मी पायांकडेच पाहत असल्याने टोपीचा काही उपयोग झाला नाही, हे ऐकून ते थोडे खट्टू झाले. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी विचारले, “काय गं, तो दुसरा चष्मा मला बरा दिसत होता का?” मी म्हटले, सर, मला ठाऊक नाही, पण बूट छान दिसत होते.

मामा, मी रागवायचे ठरवले होते. त्यासाठी खोलीचे दार आतून लावून बसलेही. पण हेडमास्तर दुसरी टोपी शोधत आहेत, हे डोळ्यांसमोर येई आणि राग पहिल्या पायरीवरून परत जाई. तेजीने दार वाजवून विचारले, “रडतेयस की हसतेयस? ठरव, म्हणजे मला आत यायला बरं.”

मग मी सगळी मंडळी वजा करून गणित नव्याने मांडले. खरी गिऱ्हाइके जी उरली ती अशी: दांडीचा स्क्रू घट्ट करून घेणारे, नाकावरच्या गाद्या बदलून घेणारे, वर्तमानपत्र वाचायला टेकणारे, आणि एक आजी, ज्या दर एक-दोन दिवसांनी काचा पुसून घ्यायला येतात, कारण घरात कुणी नीट पुसत नाही. यांतल्या कुणाकडूनही आपण काही घेतले नाही. खरोखरीचा चष्मा घ्यायला आलेली एकच मुलगी होती, तिचे डोळे तपासून आपण “नंबर तोच आहे, फ्रेम धडधाकट आहे, उगीच कशाला?” म्हणून तिला परत पाठवलेत. आमच्या पाठ्यपुस्तकात गिऱ्हाईक कसे मिळवावे याचे एक प्रकरण आहे आणि ते कसे टिकवावे याचे एक. आलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालून त्याला रिकाम्या हाताने घरी कसे पाठवावे, याचे प्रकरण अद्याप कुणी लिहिलेले नाही. आपण लिहावे.

त्यातच शास्त्राचे म्हणणे असे, की आपण दुकानात बसता त्याचा पगार खर्चात धरला पाहिजे (तो आपण घेत नाही, ही सबब शास्त्राला चालत नाही), आणि जागा स्वतःची असली तरी दुसऱ्याला दिली असती तर जे भाडे आले असते, तेही खर्चातच. ही दोन्ही धरल्यावर दुकानाची किंमत शून्याखाली गेली. म्हणजे कुणी ते फुकट मागितले, तर आपणच त्याला वर काही देऊन त्याची समजूत काढावी लागेल. मी गणित पुन्हा केले. मग पेन बदलून केले. मग तेजीकडून करवून घेतले. तिच्या हातून आजवर कोणतेही उत्तर खाली आलेले नाही. हे आले. ती म्हणाली, “मामांचा पगार थोडा कमी धरायचा का?” मी विचारले, किती कमी? ती म्हणाली, “घेतात तेवढा.”

मी सरांकडे गेले. म्हणजे सगळी हकीकत कागदावर लिहून नेली, आणि ते वाचून होईपर्यंत दाराशी उभी राहिले. सरांनी वाचता वाचता खुर्ची भिंतीकडे फिरवली; पाठ हलत होती. पुन्हा वळले तेव्हा डोळे पुसत म्हणाले, “सगळी गिऱ्हाईकं? टोपी बदलून?” आणि मग गंभीर होऊन, “पण हे जास्त उत्तम आहे. निष्कर्ष धाडसी आहे!” (सूत्रात बसणारी कोणतीही गोष्ट सरांना उत्तमच वाटते. शाखा काढायच्या होत्या तेव्हाही उत्तम होते.) आता माझी शिफारस अशी आहे, की दुकान बंद करावे, जागा भाड्याने द्यावी आणि मालकांनी एखाद्या मोठ्या चष्मेविक्री कंपनीत नोकरी धरावी, जिथे त्यांच्या अनुभवाचे चीज होईल. तिथे गणवेश असतो आणि गळ्यात पट्ट्याने नावाचे कार्ड अडकवतात. तो पट्टा आपल्या गळ्यात घालून पाहण्याचा प्रयत्न मी मनातल्या मनात पुष्कळ केला. प्रत्येक वेळी आपण तो काढून त्याने काचा पुसू लागलात. पण याचा सूत्राशी काही संबंध नाही.

तेव्हा विनंती अशी, की शुक्रवारी आपण यावे, पुढच्या रांगेत बसावे आणि शांत चित्ताने ऐकावे. निष्कर्ष पूर्णतः शास्त्रशुद्ध आहे. त्यात आपला वा दुकानाचा अनादर नाही, आणि आपण मनाला लावून घेऊ नये. माझा आवाज पोहोचला नाही तर कानामागे हात धरावा. परक्यांनी धरला तर मी आणखी हळू बोलते, आपण धरलात तर बहुधा मोठ्याने बोलेन. शेवटी परीक्षक मालकांना विचारतात, की ही शिफारस आपणांस मान्य आहे का; त्या वेळी उभे राहून उत्तर द्यावे लागते. सोबत कुणालाही आणू नये. विशेषतः टाळ्या वाजवायला.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

आपली आज्ञाधारक
भाची

ता. क.: पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आईचा फोन आला. शाखा काढाव्यात, ही पहिली बातमी तिने आपल्याला सांगितली, त्याच संध्याकाळी आपण बेकरीवाल्या काकूंकडे अर्धे दुकान मागायला गेलात म्हणे. काकूंनी कारण विचारले, तर म्हणालात, “भाची सांगतेय म्हणजे काढायलाच हवी.” मामा, ती वाढ आपणच घडवून आणली होती! आपणच आणलेल्या माणसांच्या आकड्यांवर, केवळ ते माझ्या तोंडून आले म्हणून, विश्वास ठेवणारा दुसरा मालक आमच्या कोणत्याही पुस्तकात नाही. मी शाळेत असताना, हिरवा रंग डोळ्यांना सुखावतो असे कुठेतरी वाचून आपल्याला सांगितले, तर दुसऱ्या दिवशी आपण दुकानाची पाटी हिरव्या रंगावर हिरव्या अक्षरांनी रंगवून घेतलीत. कित्येक दिवस लोकांना वाटत होते, की ती नजर तपासण्यासाठीच लावली आहे. हे सारे आठवून मी पाकीट पुन्हा उघडले आहे. शाखा काढा म्हटल्यावर जो माणूस भट्टीशेजारी जागा मोजायला जातो, तो बंद करा म्हटल्यावर काय करील?

ता. क. २: म्हणून खरी विनंती ही आहे, वरचे सगळे पत्र त्यापुढे गौण समजावे. परीक्षक विचारतील तेव्हा आपण ‘नाही’ म्हणायचे. मालकाला शिफारस पटली तर गुण मिळतात, हे मी लपवणार होते, पण सर आपल्याला दारातच सांगतील. ते गुण गेले तर पहिला क्रमांक जाईल, आणि जाईना का. तेजीकडे गेला तर तिला तो वर गेल्यासारखा वाटेल. माझे गणित बरोबर आहे, मामा, मी तीनदा तपासले आहे, आणि तरीही ते खरे व्हायला मला नको आहे. हे कोणत्या प्रकरणात बसते ते मला माहीत नाही, आणि मराठीत नेऊनही सुटलेले नाही. कारण विचारले तर देऊ नये. कारणे देऊ लागलात, की आपण समोरच्याचेच म्हणणे पटवून घेता. फक्त ‘नाही’. मामींसमोर रोज थोडा सराव करावा. आणि म्हणताना कृपया माझ्याकडे पाहू नये. पाहिलेत, तर ‘हो’ म्हणाल.